सफरचंदाचे धोंडस

घटस्थापनेच्या सुमारास माळव्यातील हवा पालटू लागते. दुपारचे ऊन अजून डोक्यावर तापत असते. परंतु पहाटे अंगणात सडा घालताना पदर अंगाभोवती लपेटून घ्यावासा वाटतो, आणि फडताळातील तुपाची बरणी, जी आठवड्यापूर्वी कलती केली की सरळ ओघळत होती, ती आता चमच्याने खरवडावी लागते. याच दिवसांत इंदूरच्या रस्तोरस्ती सफरचंदांच्या हातगाड्या उभ्या राहतात. हिमाचलाचा माल श्रावणापासूनच येऊ लागतो, पण काश्मीरच्या बागा उतरतात त्या आश्विनात, आणि भाव हाताला लागतो तोही तेव्हाच.

युरोप-अमेरिकेत हा ऋतू पानगळीचा. तिथे बागांतून सफरचंदे उतरली की घरोघरच्या भट्ट्यांतून सफरचंद आणि दालचिनी यांचा दरवळ सुटतो. आपल्या शरदाला पानगळीची खिन्नता नाही. आपला शरद म्हणजे पावसाने धुऊन काढलेले आकाश, कोजागरीचे आटीव दूध आणि मुलींच्या भोंडल्याची खिरापत. साहेबाच्या शरदातले एक पक्वान्न आपल्या शरदातल्या खिरापतीच्या डब्यात कसे आले, आणि येताना आमच्या घरातले एक विसरलेले नाव बरोबर कसे घेऊन आले, ती हकीगत आम्ही दोघी जावांनी वाचक भगिनींना सांगावी असे फार दिवस मनात होते. कृती शेवटी दिलीच आहे. परंतु हकीगत वाचल्याशिवाय कृतीकडे वळू नये, कारण कृतीतले मर्म हकीगतीतच आहे.

आजाऱ्याचे फळ

आमच्या बालपणी सफरचंद हे आजाऱ्याचे फळ होते. पेरू, बोरे, सीताफळे ही मुलांची फळे. ती झाडावरून पाडून, झोळीत भरून, शिव्या खात खायची. सफरचंद मात्र कागदी पिशवीतून, मोजून सहा, असे इस्पितळात जायचे. आजाऱ्याच्या उशाशी बसून कोणी वडीलधारे माणूस सुरीने त्याची साल एका लांब फितीसारखी काढी, आणि खाटेच्या पायथ्याशी उभी असलेली मुले त्या सालीवर नजर ठेवून असत. घरात सफरचंद आले, की ‘कोण आजारी आहे?’ असा प्रश्न पडावा, अशी त्या फळाची ख्याती होती.

१९७९ च्या आश्विनात आमचे मामंजी विषमज्वरातून उठत होते. रामबागेतले आणि नात्यागोत्यातले जो तो समाचाराला येई, आणि जो येई तो सफरचंदे घेऊन येई. डॉक्टरांनी मामंजींना मऊ भात आणि पेज यांपलीकडे काही द्यायचे नाही असे बजावले होते. एके दिवशी फडताळात मोजली तर सत्तावीस सफरचंदे निघाली. त्यांतली पहिल्या आठवड्यातली पिठूळ होऊ लागली होती. टाकवत नव्हती, कारण ती लोकांच्या मायेची होती. संपत नव्हती, कारण मुलांनाही रोज रोज तेच फळ नकोसे झाले होते.

त्याच आठवड्यात आमच्याकडे भोंडला होता. धाकटीने मैत्रिणींना छातीठोकपणे सांगून ठेवले होते, की आमची खिरापत यंदा कोणालाही ओळखता येणार नाही. भोंडल्याची रीत ज्या घरांतून आता मागे पडली आहे त्यांच्यासाठी सांगावयास हवे, की पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरून गाणी झाली की खिरापतीचा डबा झाकलेलाच आणतात, वाजवून दाखवतात, आणि मुलींनी आतला पदार्थ ओळखायचा असतो. खिरापत पटकन ओळखली जाणे ही त्या घरच्या सुगरणीची हारच.

आमच्या वन्सं तेव्हा महूला असत. त्यांचे यजमान सैन्यात. छावणीतल्या बायकांकडून त्यांनी पुष्कळ इंग्रजी पदार्थ उचलले होते. त्यांनी सुचवले, की सफरचंदांचे क्रम्बल करा. सफरचंदाच्या फोडींवर कणीक, लोणी आणि साखर यांचा रवाळ चुरा पसरायचा आणि भट्टीत भाजायचे. पारी लाटायला नको, अंडे नको. दुसऱ्या महायुद्धात विलायतेत जानेवारी १९४० पासून लोणी आणि साखर शिधापत्रिकेवर मिळू लागली. पोळीसारखी पारी लाटून केलेल्या ‘पाय’पेक्षा या चुऱ्याला लोणीपीठ कमी लागे, म्हणून त्या टंचाईच्या काळात तो तिथे घरोघर रुळला. टंचाईत रुळलेला पदार्थ आपल्या मध्यम घरांना न मानवता तरच नवल.

दोन दिवसांची फजिती

आमच्याकडे तेव्हा नुकताच विजेचा गोल ओव्हन आला होता. अॅल्युमिनियमचे पातेले, त्यावर घट्ट बसणारे झाकण, झाकणाच्या मधोमध काचेची खिडकी, आणि झाकणाच्याच पोटात तापणारी तार. वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी माळ्यावर तो अजूनही असेल.

पहिल्या दिवशी आम्ही फोडी चिरून डब्यात घातल्या, वर चुरा पसरला आणि झाकण लावले. खिडकीला डोळे लावून मुले रांगेने बसली. पंधरा मिनिटांत वरचा थर खरपूस झाला. विसाव्या मिनिटाला कडा काळवंडल्या. आणि उघडून पाहतो तो खाली फोडी तशाच कच्च्या, वाटीभर पाण्यात पोहत असलेल्या. दुसऱ्या दिवशी शहाणपण करून फोडी आधी पाण्यात उकडून घेतल्या. त्यांचा लगदा झाला, वरचा चुरा त्यात बुडाला, आणि पतंगाला लावायच्या खळीसारखे काहीतरी हाती आले. मुलांनी ते खाल्ले नाही. भोंडला दुसऱ्याच दिवशी होता.

आमच्या सासूबाई त्या ओव्हनच्या वाटेला कधी जात नसत. त्या दिवशी मामंजींची पेज गाळता गाळता त्यांनी तो डबा वाकून पाहिला, झाकण उलटे करून तारेकडे पाहिले आणि म्हणाल्या, “अगं, ह्याला विस्तव नुसता वरून आहे. खालून काहीच नाही. मग खालचे शिजायचे कसे? धोंडसाला आम्ही आधी चुलीवर पाणी आटवून घ्यायचो, आणि मग झाकणावर निखारे.”

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिले. धोंडस हा शब्द त्या घरात आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो. एकीचे माहेर ग्वाल्हेरचे, दुसरीचे देवासचे. कोकण आम्ही नकाशातच पाहिलेले.

“धोंडस म्हणजे काय, आई?”

सासूबाई लगेच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “काकडीचे करतात. आमच्याकडे.”

‘आमच्याकडे’ म्हणजे रत्नागिरीकडचे एक खेडे. तिथून त्या १९३८ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, लग्न होऊन इंदूरला आल्या. पहिल्याच भाद्रपदात त्यांनी हौसेने धोंडस केले. सासरची मंडळी तीन पिढ्यांची माळव्यातली. काकडीचे गोड पाहून पंगतीत हशा झाला. कोणी वाईट बोलले नाही; फक्त हसले. त्यानंतर एकेचाळीस वर्षांत सासूबाईंनी धोंडस केले नव्हते, आणि त्याचे नावही काढले नव्हते. दालबाफले, गराडू, भुट्ट्याचा कीस, इथले सगळे त्या अशा करीत की मूळ माळवी बायकांनी त्यांना विचारायला यावे. म्हणून आम्ही समजत होतो, की आमच्या सासूबाई पक्क्या माळव्याच्याच.

खाली मंद, वर निखारे

गोव्याच्या आणि कोकणाच्या वाचकांना धोंडस सांगावयास नको. तवसळी, तवसोळी अशा नावांनीही ते ओळखले जाते. पावसाळा सरता सरता वेलीवर मोठी, जून काकडी, म्हणजे तवसे, मिळते. ते किसायचे, त्याच्याच पाण्यात तांदळाचा जाड रवा आणि गूळ शिजवायचा, ओले खोबरे आणि वेलची घालायची. मिश्रण घट्ट झाले की जाड बुडाच्या भांड्यात थापून, खाली राखेतला मंद विस्तव आणि झाकणावर रसरशीत निखारे ठेवायचे. वरून खरपूस, आतून मऊ, अशी त्याची वडी पडते. गोव्यातील बिबिंक याच तत्त्वावर होते. त्याचा एकेक थर वरच्या निखाऱ्यांवर भाजत नेतात. म्हणजे ज्याला आपण ‘भट्टीचे’, ‘साहेबाचे’ म्हणून बिचकतो, ते भाजण्याचे शास्त्र आपल्या किनाऱ्यावरच्या बायकांना ओव्हनचे नाव ऐकण्याआधीपासून ठाऊक होते. ओव्हनचा खटका त्यांच्यापाशी नव्हता; पण वर किती आणि खाली किती याचा अंदाज हाताला होता.

सासूबाईंनी काय ओळखले, हे आम्हांला पुढे समजले. सफरचंदात शेकडा पंच्याऐंशी भाग पाणीच असते. किलोभर फळ डब्यात घातले म्हणजे पाऊण लिटरहून अधिक पाणी घातले. साखर लागली आणि ऊब मिळाली की ते सुटू लागते. वरचा थर आधी भाजून बंद झाला, तर पाण्याला वाट राहत नाही. फोडी आपल्याच पाण्यात उकडतात. म्हणून पाणी आधी, उघड्या भांड्यात, खालच्या विस्तवावर आटवायचे, आणि भाजणे त्यानंतर. धोंडसात हेच करतात. काकडी तर सफरचंदाहूनही पाणीदार.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी पदर खोचला. जाड कढईत लोण्याचा गोळा टाकला, सफरचंदाच्या मोठ्या फोडी परतल्या, आणि आम्हांला झाकण ठेवू दिले नाही. एक फोड चाखून म्हणाल्या, “नुसते गोड आहे. आंबटपणा नाही, मग चव उठायची कशी?” आणि अख्खे लिंबू पिळले. रस आटून फोडींना चकाकी आली, तशा त्या डब्यात काढल्या. चुऱ्यात त्यांनी मूठभर भाजलेला रवा मिसळला. तो धोंडसातला. मग वरच्या तारेचा तो गोल ओव्हन लावला आणि स्वतः खिडकीपाशी बसून राहिल्या. मुलांना जागा उरली नाही.

दुसऱ्या दिवशी भोंडल्याला डबा वाजवून दाखवला, तर तो वाजेना. मुलींनी वास घेतला. गोड की तिखट? गोड. लाडू? नाही. शिरा? नाही. गुळपापडी, नारळीपाक, शंकरपाळे, साटोऱ्या, सगळे झाले. धाकटीचा चेहरा फुलत चालला होता. तेवढ्यात शेजारच्या वाड्यातल्या वृद्ध काकू, ज्या भिंतीशी बसून जप करीत होत्या, त्या जपमाळ थांबवून म्हणाल्या, “धोंडसासारखा वास कसा येतोय?” त्याही मूळच्या तिकडच्याच, राजापूरकडच्या. दोघी वीस वर्षे शेजारी राहत होत्या, आणि हे त्या दोघींना त्या दिवशी समजले. खिरापत वाटून झाल्यावर त्या अंधार पडेपर्यंत ओसरीवर बोलत बसल्या. आम्ही चहा दोनदा नेऊन ठेवला. दोन्ही वेळा तो निवला.

कलमाची गोष्ट

ज्या फळामुळे हे घडले, ते स्वतःही इथले नव्हे. सफरचंदाचे मूळ घर मध्य आशियात, तिएन शान पर्वताच्या उतारांवर, आजच्या कझाकस्तानात. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव यांनी १९२९ साली तिथली रानसफरचंदांची अरण्ये पाहून ते ओळखले, आणि २०१० साली सफरचंदाच्या जनुकांचा नकाशा तयार झाला तेव्हा त्याला पुष्टी मिळाली. आपला ‘सफरचंद’ हा शब्दही प्रवासीच दिसतो. अरबीत ‘सफरजल’ म्हणजे बिही, सफरचंदाच्याच कुळातले एक तुरट फळ; आणि बडोद्याच्या वाचकांना रोजच्या बाजारात ऐकू येते ते गुजराती ‘सफरजन’. हे साम्य डोळ्यांत भरल्याशिवाय राहत नाही.

काश्मीरची अंबरी ही जुनी, सुगंधी जात सोडली, तर आपल्या बाजारातली बहुतेक सफरचंदे गेल्या दीडशे वर्षांतली पाहुणी. कुलू खोऱ्यात बंदरोल येथे कॅप्टन ली या इंग्रजाने १८७० साली विलायती सफरचंदांची बाग लावली. ती फळे आंबटसर; आपल्या लोकांच्या जिभेला ती फारशी रुचली नाहीत. गोड सफरचंद आणले ते सॅम्युएल स्टोक्स यांनी. फिलाडेल्फियाच्या सधन घरातला हा तरुण १९०४ साली कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी भारतात आला आणि सिमल्यापलीकडे कोटगढला राहिला. तिथल्याच मुलीशी त्यांनी लग्न केले. १९१६ साली त्यांनी अमेरिकेतून मागवलेली ‘रेड डिलिशस’ची कलमे लावली, आणि पुढे ती शेजारच्या शेतकऱ्यांना दिली. असहकाराच्या चळवळीत १९२१ साली त्यांना तुरुंगवास घडला. १९३२ साली त्यांनी हिंदू धर्म स्वीकारला आणि सत्यानंद हे नाव घेतले. १९४६ साली ते वारले. आज हिमाचलाच्या त्या डोंगरांची समृद्धी सफरचंदावर उभी आहे.

कलमे का, बी का नाही? कारण सफरचंदाचे बी पेरले तर आईसारखे फळ येत नाही. शंभर बिया पेरा, शंभर निराळी झाडे होतील, आणि त्यांतली बहुतेक आंबट, खुजी. जात राखायची तर डोळा किंवा फांदी घेऊन दुसऱ्या मुळावर बांधावी लागते. जगातले प्रत्येक ‘रेड डिलिशस’ अशा रीतीने एकाच झाडापासून उतरले आहे. ते झाड अमेरिकेत आयोवा राज्यात जेसी हायेट या शेतकऱ्याच्या बागेत आपसूक उगवले होते. गावाचे नाव मोठे गमतीचे: पेरू. १८९३ साली एका प्रदर्शनात ते फळ स्टार्क बंधूंच्या रोपवाटिकेच्या नजरेस पडले आणि तिथून त्याची कलमे जगभर गेली.

कलम ज्या मुळावर बांधावे तिथले पाणी पिते, फळ मात्र आपल्याच जातीचे देते. माळव्यात, ग्वाल्हेरीत, बडोद्यात, हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपणा मराठी कुटुंबांना हे निराळे समजावून सांगावयास नको. फक्त एवढेच, की कधी कधी फांदीला आपल्या फळाची आठवण उरत नाही. कोणीतरी ती करून द्यावी लागते.

कोणते सफरचंद घ्यावे

खायला उत्तम ते भाजायला उत्तम, असे सफरचंदाच्या बाबतीत नाही. लालभडक ‘डिलिशस’ गोड असते, पण त्यात आंबटपणा कमी आणि शिजताच ते लवकर विरघळते. सफरचंदाच्या आंबटपणाला कारण असलेले मॅलिक आम्ल स्वीडिश रसायनज्ञ शेले यांनी १७८५ साली सफरचंदाच्याच रसातून वेगळे केले. आंबटपणा चव तर उठवतोच, शिवाय फोडीचा आकार टिकवायलाही मदत करतो. सासूबाईंनी लिंबू पिळले ते चवीसाठी. काम दोन्ही झाले.

आश्विनात पिवळे ‘गोल्डन’ मिळाले तर अवश्य घ्यावे. शिजूनही त्याची फोड टिकते. काश्मीरचे ‘महाराजी’ जरा उशिरा, दिवाळीच्या सुमारास येते. ते चांगले आंबट आणि रसदार. हल्ली बारमाही मिळणारे हिरवे ‘ग्रॅनी स्मिथ’ही भाजण्यास उत्तम, मात्र महाग. आम्ही निम्मे लाल आणि निम्मे हिरवे वा पिवळे घेतो. नुसते लालच असेल तर लिंबू दीडपट घ्यावे. हातगाडीवर डाग पडलेली, गारपिटीचे वण असलेली फळे स्वस्त मिळतात. वण कापून काढला की या पदार्थाला ती पुरेपूर चालतात. पिठूळ झालेले फळ मात्र घेऊ नये. आमच्या पहिल्या दोन दिवसांच्या फजितीत त्याचाही वाटा होता.

साहित्य

सहा ते आठ माणसांसाठी: सफरचंदे १ किलो; साखर ७५ ग्रॅम; लिंबू १; लोणी १ मोठा चमचा; दालचिनीची पूड अर्धा लहान चमचा; लवंगा २, कुटून.

वरच्या चुऱ्यासाठी: कणीक १५० ग्रॅम, बारीक रवा २५ ग्रॅम, कोरडा भाजून, घट्ट, गार लोणी १०० ग्रॅम, किंवा थिजलेले तूप ८० ग्रॅम, साखर ७५ ग्रॅम, मीठ चिमूटभर, अक्रोड ५० ग्रॅम, जाडसर कुटून. साखरेऐवजी गूळ घातला तर चव धोंडसाच्या अधिक जवळ जाते, पण चुरा तितका कुरकुरीत होत नाही.

कृती

सफरचंदे सोलून, मधला भाग काढून, बोटाच्या पेराएवढ्या जाड फोडी कराव्या. पातळ काप करू नयेत. चिरता चिरता लिंबाचा रस चोळावा, म्हणजे फोडी तांबूस पडत नाहीत.

जाड बुडाच्या कढईत चमचाभर लोणी वितळवून फोडी आणि साखर घालावी. आच मध्यम ठेवावी. पाणी घालू नये आणि झाकण ठेवू नये. या दोन गोष्टी विसरल्या तर पुढचे सगळे व्यर्थ. प्रथम पुष्कळ रस सुटेल, घाबरू नये. आठ-दहा मिनिटांत तो आटून मधासारखा होतो आणि फोडी कडेने पारदर्शक दिसू लागतात. मधोमध मात्र त्या किंचित कचवट असाव्या. दालचिनी-लवंग मिसळून नऊ इंची उथळ भांड्यात पसराव्या आणि निवू द्याव्या. गरम फोडींवर चुरा घातला तर लोणी आधीच वितळून तो खाली बसतो.

कणीक, रवा, साखर, मीठ एकत्र करून त्यात गार लोणी बोटांच्या टोकांनी चोळावे. तळवा लावू नये. तळव्याच्या उबेने लोणी पाझरते. काही वाटाण्याएवढे आणि काही रव्याएवढे असे दाणे झाले की थांबावे, मळू नये. अक्रोड मिसळावे. चुरा फोडींवर सैलसर पसरावा, दाबू नये.

विजेच्या चौकोनी ओव्हनमध्ये वरची आणि खालची अशा दोन्ही तारा लावून, आधी दहा मिनिटे तापवून, १८० अंशांवर तीस ते पस्तीस मिनिटे भाजावे. वरचा थर बदामी व्हावा आणि कडेने दाट रस बुडबुडताना दिसावा, ही खूण. वरच्या तारेच्या गोल ओव्हनमध्ये वीस मिनिटे पुरतात, कारण खालचे काम कढईत झालेले असते. नुसत्या मायक्रोवेव्हमध्ये हा पदार्थ होत नाही. त्यात कन्व्हेक्शनची सोय असेल तरच करावा.

ओव्हन मुळीच नसेल तरी अडत नाही. जुन्या जाड कढईत दोन बोटे स्वच्छ वाळू किंवा जाडे मीठ पसरावे, वर तिवई ठेवावी, घट्ट झाकण लावून पंधरा मिनिटे तापवावे. मग भांडे आत ठेवून मध्यम आचेवर चाळीस मिनिटे भाजावे. इथे उष्णता खालून येते आणि वरचा थर फिकट राहतो. म्हणून चुरा आधीच दुसऱ्या कढईत मंद आचेवर गुलाबी परतून घ्यावा. कोळशाची शेगडी करणाऱ्यांनी ती उघड्यावर करावी. बंद खोलीत निखाऱ्यांचा धूर जिवावर बेततो.

बाहेर काढल्यावर अर्धा तास तसेच ठेवावे. रस आपोआप धरून येतो. विलायतेत यावर कस्टर्ड ओततात. आम्ही गार आटीव दूध घेतो. कोजागरीच्या रात्री गच्चीवर, मसाल्याच्या दुधाबरोबर ते विशेष लागते. नवरात्राच्या उपवासाला कणीक आणि रवा वगळून राजगिऱ्याचे पीठ आणि दाण्याचे कूट घ्यावे, आणि दालचिनी-लवंगेऐवजी वेलची.

आता सासूबाई नाहीत. वाडा पाडून तिथे इमारत झाली, आणि भोंडला मंडळाच्या सभागृहात होतो. धाकटी बंगळुरास असते. तिच्या ओव्हनला अंश, मिनिटे, वरची तार, खालची तार, सगळे स्वतंत्र लावता येते. तरी दर आश्विनात तिचा फोन येतो, “आई, खाली किती आणि वर किती?” तिला उत्तर ठाऊक असते. तरी ती विचारते, आणि आम्ही सांगतो.

गेल्या वर्षी तिची लेक सुटीत इकडे आली होती. जेवताना ती म्हणाली, की धोंडस म्हणजे सफरचंदाचेच असते. आमच्या घरात गेली चाळीसहून अधिक वर्षे या पदार्थाला क्रम्बल असे कोणी म्हटलेले नाही, त्यामुळे तिची चूक नव्हती. पण आम्ही दोघी जावा एकमेकींकडे पाहतच राहिलो. दुसऱ्या दिवशी बाजार पालथा घालून एक मोठी, पिवळी पडलेली काकडी मिळवली. सत्तरी ओलांडलेल्या दोन म्हाताऱ्या आणि एक नऊ वर्षांची मुलगी, अशा तिघींनी मिळून ती किसली. रव्याचा अंदाज जरा चुकला आणि वडी नीट पडली नाही. नातीने पहिला घास घेतला, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, “आजी, हे तर आपल्या सफरचंदाच्या धोंडसासारखे लागते.”

पंगतीत कोणी हसले नाही. तिने दुसऱ्यांदा मागून घेतले.